कायद्याच्या अभ्यासकाला काय विचारावे: विधी महाविद्यालये, व्याख्यानमाला आणि संपादकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र आणि गोव्यातील विधी महाविद्यालयांचे प्राचार्य, व्याख्यानमालांचे संयोजक आणि मराठी नियतकालिकांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी १९६५ मध्ये डिट्रिश कॉनराड या जर्मन अभ्यासकाने बनारस हिंदू विद्यापीठाच्या विधी विभागात एक व्याख्यान दिले. घटनादुरुस्तीच्या अधिकाराला घटनेत न लिहिलेल्या, पण अंगभूत अशा मर्यादा आहेत का, हा विषय होता. त्यांचे प्रश्न कोणालाही कळतील असे होते. दोन तृतीयांश बहुमत हाताशी आहे म्हणून संसदेला अनुच्छेद १ बदलून देशाचे दोन तुकडे करता येतील का? जीविताचे संरक्षण करणारा अनुच्छेद २१ पुसून टाकता येईल का? हिटलरच्या काळातून पोळून निघालेल्या जर्मनीने आपल्या मूलभूत कायद्याच्या अनुच्छेद ७९ मध्ये काही गोष्टी दुरुस्तीच्या पलीकडे ठेवल्या होत्या, आणि कॉनराड त्या अनुभवातून बोलत होते. व्याख्यानाचा मजकूर ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांच्यापर्यंत पोचला. गोलकनाथ खटल्यात त्यांनी तोच युक्तिवाद मांडला. १९६७ च्या त्या निकालात न्यायालयाने त्यावर निर्णय देण्याचे टाळले. पुढे २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्याच्या निकालात न्या. हंसराज खन्ना यांनी कॉनराड यांचे म्हणणे त्यांच्या नावानिशी उद्धृत केले, आणि घटनेची मूलभूत चौकट, म्हणजे संसदेला दुरुस्ती करूनही मोडता न येणारा घटनेचा गाभा, हा विचार आपल्या कायद्यात कायमचा आला.

विद्यार्थ्यांसमोर बोललेला विचार न्यायालयापर्यंत पोचू शकला, कारण तो कागदावर होता आणि ज्याला हवा त्याला शब्दशः वाचता येत होता. मराठीत आपण कायद्याच्या अभ्यासकांना बोलावतो तेव्हा मागे काय उरते? न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या व्याख्यानमालेपासून आपल्याकडे जाणत्यांना ऐकण्याची सवय आहे. ती मोलाची आहे आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहोत. बहुतेक कार्यक्रमांत परिचय, शाल-श्रीफळ आणि मनोगतात पहिली वीस मिनिटे जातात. मग बालपण, मग ‘या क्षेत्राकडे कसे वळलात’, मग गाजत असलेल्या एखाद्या खटल्यावर मत, आणि शेवटी श्रोत्यांचे तीन प्रश्न, त्यातली दोन भाषणेच. ज्या संशोधनासाठी त्या व्यक्तीला बोलावले ते संशोधन कसे झाले, हे कोणी विचारतच नाही. आमची विनंती एवढीच आहे, की हे विचारा, आणि उत्तर दुसऱ्या कोणाला तपासता येईल अशा रीतीने जपून ठेवा.

विषयापासून सुरुवात करू. ‘न्यायव्यवस्था: दशा आणि दिशा’ असा विषय देऊ नका. त्यावर कोणीही काहीही बोलू शकते आणि बोलतेही. अभ्यासकाने स्वतः ज्यावर काम केले आहे असा एकच प्रश्न घ्या आणि तो एका वाक्यात, प्रश्नचिन्हासह लिहून पाहा. लिहिता आला नाही, तर विषय अजून ठरलेला नाही. तयारीला सहा आठवडे हवेत. पहिले दोन आठवडे अभ्यासकाचा एक शोधनिबंध तळटिपांसकट वाचण्यात जावेत. पुढच्या दोन आठवड्यांत, तो निबंध ज्या निकालांवर उभा आहे त्यातले किमान दोन निकाल मुळातून, अल्पमतासह वाचावेत. पाचव्या आठवड्यात आठ-दहा प्रश्न अभ्यासकाला पाठवावेत आणि जुनी टिपणे, कच्चे मसुदे, तक्ते असे काही असेल तर सोबत आणायला सांगावे. सहाव्या आठवड्यात वीस मिनिटांचे एक बोलणे फोनवर करून नावे, संज्ञा आणि न बोलायच्या गोष्टी ठरवाव्यात. मुख्य प्रश्न आधी द्यावेत, उपप्रश्न देऊ नयेत. उपप्रश्नही पाठवले तर समोरची व्यक्ती लिहून आणलेले वाचून दाखवते आणि संवादाचा निबंध होतो.

निकाल मुळातून वाचा, असे आग्रहाने सांगण्याला कारण आहे. न्यायालयांचे निकाल छापणाऱ्या अहवालांत निकालाच्या डोक्यावर जो सारांश छापतात तो न्यायाधीशांनी लिहिलेला नसतो, संपादकाने लिहिलेला असतो. डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला. निकालाचा मूळ मजकूर कोणालाही छापता येतो. प्रकाशकाने स्वतः लिहिलेला सारांश मात्र प्रकाशकाचा. तरीही मुलाखतींत ‘न्यायालयाने म्हटले आहे’ म्हणून जी वाक्ये येतात त्यातली कितीतरी या सारांशातली असतात. आता मूळ निकाल मिळवायला पैसेही लागत नाहीत. ई-एससीआर संकेतस्थळावर सर्वोच्च न्यायालयाचे अहवालबद्ध निकाल जानेवारी २०२३ पासून मोफत आहेत.

केशवानंदचेच पाहा. १३ न्यायाधीश, ११ स्वतंत्र निकालपत्रे, ७ विरुद्ध ६ असा कौल. मग ‘बहुमताचे म्हणणे’ नेमके कुठे लिहिले आहे? शेवटी एक संक्षिप्त निवेदन आहे आणि त्यावर १३ पैकी ९ न्यायाधीशांच्या सह्या आहेत. न्या. रे, मॅथ्यू, बेग आणि द्विवेदी यांनी सही केली नाही. न्या. दे. गो. पालेकर आणि न्या. य. वि. चंद्रचूड अल्पमतात होते, तरी त्यांची सही आहे. म्हणजे सह्यांची बेरीज आणि मतांची बेरीज जुळत नाही. घटनेच्या अभ्यासकासमोर बसल्यावर ‘मूलभूत चौकट म्हणजे काय’ हे विचारण्यात वेळ घालवू नका, ते पाठ्यपुस्तकात आहे. ‘अकरा निकालपत्रांतून एक रेशो तुम्ही कसा काढता? त्या निवेदनाला तुम्ही किती वजन देता?’ असे विचारा. रेशो म्हणजे निकाल ज्या कारणावर उभा आहे ते कारण. ते कारण शोधण्याची प्रत्येक अभ्यासकाची रीत निराळी असते आणि संवादातून मिळण्यासारखी गोष्ट तीच.

दुसरा प्रश्न हमखास विचारावा, तो मत बदलल्याचा. याच खटल्यात युक्तिवाद ६८ दिवस चालला. याचिकाकर्त्यांच्या बाजूने मुंबईचे नानी पालखीवाला उभे होते आणि केरळ राज्याच्या बाजूने मुंबईचेच एच. एम. सीरवाई. सीरवाईंनी मूलभूत चौकटीच्या सिद्धान्ताला कसून विरोध केला, आणि आणीबाणीच्या अनुभवानंतर घटनेवरच्या आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत तो मान्य केला. खुद्द न्या. खन्ना यांना १९७५ च्या इंदिरा गांधी विरुद्ध राजनारायण निकालात आपल्याच आधीच्या निकालपत्राचा खुलासा करावा लागला, की मूलभूत हक्क चौकटीबाहेर आहेत असे आपण म्हटले नव्हते. एवढ्या मोठ्या माणसांनी हे उघडपणे केले. तेव्हा ‘या निबंधातले कोणते वाक्य आज तुम्ही वेगळे लिहाल?’ हे विचारण्यात कसलाही अनादर नाही. चांगला अभ्यासक या प्रश्नावर खुलतो. त्याला तो पुष्कळदा मनातल्या मनात विचारून झालेला असतो.

आता सगळ्यात जास्त चुका होतात त्या जागेकडे येऊ. हल्ली कायद्याच्या संशोधनात आकडे येतात. ‘आम्ही अमुक इतके निकाल तपासले’ असे अभ्यासक सांगतात, संवादक मान डोलावतो आणि पुढे जातो. तिथेच थांबायला हवे. हे निकाल कुठून घेतले? अहवालांत छापून येणारे निकाल ही संपादकांनी केलेली निवड असते. उच्च न्यायालयात पोचलेले खटले म्हणजे कोणीतरी अपील केले असे खटले. ज्यात तडजोड झाली, साक्षीदार फिरले किंवा पैसे संपले, ते तिथे दिसतच नाहीत. जिल्हा न्यायालयाच्या पातळीवर काय घडते ते उच्च न्यायालयाच्या निकालांवरून ठरवणे म्हणजे दवाखान्यात भरती झालेल्यांवरून गावाच्या तब्येतीचा अंदाज बांधणे.

पुढचा प्रश्न शोधशब्दांचा. समजा, बलात्काराच्या खटल्यांत संमतीबद्दल असलेले पुरावा कायद्याचे कलम ११४-अ शोधायचे आहे. संगणकावर ‘114A’ टाकले तर ‘114-A’ आणि मध्ये जागा सोडून लिहिलेले ‘114 A’ सुटू शकते, आणि मराठी निकालातले ‘कलम ११४-अ’ तर नक्कीच सुटते. जिल्हा न्यायालयांचे मराठी निकाल कधी स्कॅन केलेले असतात, कधी युनिकोड नसलेल्या जुन्या टंकात असतात. डोळ्यांना ते मराठी दिसते, शोधयंत्राला मात्र निरर्थक खुणा दिसतात. लैंगिक गुन्ह्यांतले अनेक आदेश संकेतस्थळावर ठेवलेलेच नसतात. म्हणून अभ्यासकाला विचारा: कोणते शब्द टाकून शोधले, किती निकाल हाती आले, त्यातले किती वगळले आणि का? राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवरचा आकडा सांगितला तर कोणत्या तारखेला पाहिलेला, तेही विचारा. तिथले प्रलंबित खटल्यांचे आकडे रोज बदलतात, आणि तारखेशिवाय छापलेला आकडा महिन्याभरात खोटा ठरतो.

कायद्यात एकेका शब्दावर माणसांची आयुष्ये कशी टांगलेली असतात, याचा दाखला आपल्याच मातीत आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात आणि आता गडचिरोलीत असलेल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावर त्या निकालाचा भर होता. १६ सप्टेंबर १९७९ रोजी दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चौघा विधी अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. खटला मोठ्या पीठापुढे पुन्हा चालवावा, ही त्यांची मागणी मान्य झाली नाही. पण त्या पत्रामागोमाग देशभर चळवळ उभी राहिली, एप्रिल १९८० मध्ये विधी आयोगाचा ८४ वा अहवाल आला आणि १९८३ च्या दुरुस्तीने पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले.

पत्राचा कणा एका भेदावर उभा होता. संमतीत शरण जाणे येते, पण शरण जाण्यात संमती असतेच असे नाही. नागपूर खंडपीठाने हा भेद आधीच केला होता, तो सर्वोच्च न्यायालयात हरवला. आता हे मराठीत बोलताना काय होते पाहा. संवादक ‘मूक संमती’ असा शब्द सहज वापरतो. पण त्या मुलीच्या बाबतीत वादच असा होता, की ती मूक होती म्हणून संमती होती का? ‘मूक संमती’ म्हटले की वादाचा निकाल शब्दातच लागून गेला. ‘निमूट सोसणे’ म्हणा, आणि दोन्ही गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. असे शब्द आधी बसून ठरवावे लागतात, बोलण्याच्या ओघात ते सुचत नाहीत.

याच कलमात आणखी एक बारकावा आहे. पुरावा कायद्याच्या कलम ११४ मध्ये न्यायालय एखादी गोष्ट ‘गृहीत धरू शकेल’ अशी रचना होती, कलम ११४-अ मध्ये ‘गृहीत धरील’ अशी. पहिल्यात न्यायाधीशाला मुभा आहे, दुसऱ्यात नाही. संभोग सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर कोठडीतल्या बलात्कारासह कलमात नेमून दिलेल्या प्रकारांत न्यायालयाला संमती नव्हती असेच धरून चालावे लागते. मग उलट दाखवून देणे आरोपीकडे येते. शब्दांकनात ‘शकेल’ आणि ‘धरील’ यांची अदलाबदल झाली की सगळी १९८३ ची दुरुस्तीच पुसली जाते. म्हणून प्रत्येक संवादासाठी पंधरा-वीस संज्ञांची यादी करा. भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश उघडा, तिथला शब्द वकिलांच्या तोंडी आहे का ते पाहा, नसेल तर तोंडी असलेला शब्द ठेवून त्याचा अर्थ एका वाक्यात सांगा. पुनर्विलोकन आणि पुनरीक्षण यांत गल्लत करू नका. पहिले त्याच न्यायालयापुढे, दुसरे वरच्या न्यायालयापुढे. बोलण्यात ‘रिव्ह्यू’ आणि ‘रिव्हिजन’ आले तर तसेच ठेवा, कृत्रिम मराठीने गोंधळ वाढवू नका.

कलमांच्या आकड्यांचा घोळ तर १ जुलै २०२४ पासून दुप्पट झाला आहे. त्या दिवसापासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. खुनाच्या शिक्षेचे जुने कलम ३०२ आता १०३ आहे, आणि नव्या संहितेतले ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे. बलात्काराच्या शिक्षेचे ३७६ आता ६४ झाले. कलम ११४-अ आता साक्ष्य अधिनियमाचे कलम १२० आहे. अभ्यासक बोलताना सवयीने जुना आकडा सांगणार, ऐकणारा नव्या पुस्तकात शोधणार. तेव्हा कलमाचा आकडा कायद्याच्या नावाशिवाय छापायचा नाही, हा नियम करा. घटनेसाठी ‘अनुच्छेद’ आणि कायद्यासाठी ‘कलम’ हा भेद बोलण्यात राहत नाही, छपाईत तो राखता येतो.

गोव्यातल्या संयोजकांना एक वेगळी विनंती आहे. तुमच्याकडे नागरी कायद्यावर संवाद ठेवला की ‘गोव्यात समान नागरी कायदा आहेच’ या वाक्यापासून सुरुवात होते आणि बहुधा तिथेच शेवट. अभ्यासकाला पहिला प्रश्न हा विचारा, की तुम्ही कोणती संहिता, कोणत्या भाषेत वाचली? १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने ती चालू राहिली. खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता आणली, म्हणजे लिस्बनमध्ये जी बाद झाली ती मडगावात जिवंत राहिली. मूळ मजकूर पोर्तुगीज, अधिकृत इंग्रजी भाषांतर फार उशिरा आले, आणि दरम्यान वकिलांनी आपापली भाषांतरे वापरली. त्यामुळे जुन्या निकालात उद्धृत केलेले कलम आणि आजचे भाषांतर शब्दशः जुळत नाही.

शिवाय १८८० च्या हुकुमाने गोव्यातल्या हिंदूंच्या रूढी वेगळ्या नोंदल्या होत्या. त्यात काही अटींवर पुरुषाला दुसऱ्या विवाहाची मुभा होती. कॅथलिक चर्चमधल्या विवाहांचे नियमही वेगळे. मग ‘समान’ म्हणजे किती समान? पतिपत्नीची मालमत्ता सामायिक धरणे आणि मृत्युपत्राने फक्त निम्मीच मालमत्ता वाटता येणे, या दोन गोष्टींवर प्रत्यक्ष कुटुंबांत काय होते, हा खरा संशोधनाचा विषय आहे. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या राज्य कायद्यात आहे आणि तो डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. २०१९ मध्ये जुझे पाउलो कुतिन्हो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गोव्यातल्या रहिवाशाची मालमत्ता राज्याबाहेर असली तरी वारसा पोर्तुगीज नागरी संहितेनेच ठरेल. मुंबईत फ्लॅट असलेल्या कितीतरी गोवेकर कुटुंबांना याचा थेट संबंध आहे. अशा संवादाला पोर्तुगीज वाचणारी एक व्यक्ती टेबलाशी हवीच. ती मिळेपर्यंत कार्यक्रम पुढे ढकललेला बरा.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडक्यात. दोन यंत्रे लावा, एक बिघडतेच. माइक कॉलरला, हनुवटीखाली एक वीत. पंखा बंद, पडदे ओढलेले. फाइल वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवा. एका बैठकीत नव्वद मिनिटांपेक्षा जास्त नको, त्यापुढे उत्तरे लांबतात आणि आकडे चुकतात. दोन बैठका, मध्ये आठवडा, ही उत्तम रचना. पहिल्या बैठकीत निसटलेले दुसरीत विचारता येते.

शब्दांकनाला मात्र वेळ राखून ठेवा. तासाभराच्या बोलण्याचे सहा-सात हजार शब्द होतात आणि सवय असलेल्या माणसालाही ते उतरवायला पाच-सहा तास लागतात. यंत्राकडून कच्चा मसुदा करून घ्यायला हरकत नाही, पण यंत्र ‘तीनशे सहासष्ट’ आणि ‘तीनशे शहात्तर’ यांत चुकते, आणि जुन्या दंड संहितेत एक अपहरणाचे कलम होते तर दुसरे बलात्काराचे. म्हणून सगळे आकडे, तारखा आणि खटल्यांची नावे वेगळ्या रंगाने खूण करून कानाने पुन्हा ऐका. मग प्रत्येक निकाल उघडून तपासा: पक्षकारांची नावे, वर्ष, पीठ, आणि सांगितलेले वाक्य खरोखर त्या परिच्छेदात आहे का. सर्वोच्च न्यायालयाच्या नव्या निकालांना ‘आयएनएससी’ असा तटस्थ उद्धरण-क्रमांक असतो, मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालांना ‘बीएचसी’ ही अक्षरे असलेला. तो दिला की कोणत्याही प्रकाशकाचा अहवाल हाताशी नसलेल्या वाचकालाही निकाल सापडतो. ही पडताळणी कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपवू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात माता विरुद्ध एव्हियांका खटल्यात वकिलांनी अस्तित्वात नसलेले निकाल दाखल केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. ते निकाल चॅटजीपीटीने रचलेले होते आणि नावांसकट अगदी खरे वाटत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची मराठी भाषांतरे आता मिळतात, ती समजून घ्यायला जरूर वापरा. पण त्यावरच लिहिलेले असते, की अधिकृत मजकूर इंग्रजीच. उद्धृत करताना ते पाळा.

मसुदा अभ्यासकाला दाखवा, पंधरा दिवस द्या. चूक दुरुस्त करण्याचा हक्क त्यांचा. मात्र बोललेले मत नंतर गैरसोयीचे वाटले म्हणून बदलले, तर मूळ वाक्य ठेवून खाली तारखेसह टीप द्या. याबाबत आम्ही ठाम आहोत. सगळे घासूनपुसून गुळगुळीत केलेली मुलाखत संशोधनाच्या कामाची राहत नाही. लेखी परवानगी आधीच घ्या, कारण जाहीर भाषणाचा प्रताधिकार १९५७ च्या कायद्यानुसार बोलणाऱ्याकडे असतो, सभागृहाकडे किंवा मासिकाकडे नाही. परवानगीत छपाई, ध्वनिफीत आणि ग्रंथालयात जतन, तिन्ही वेगवेगळे लिहा.

निकालावर टीका झाली म्हणून घाबरून ती गाळू नका. न्यायालय अवमान कायदा १९७१, कलम ५ प्रमाणे निकाली निघालेल्या खटल्याच्या गुणदोषांवर रास्त टीका हा अवमान नाही. ज्यापायी खरेच अडचण येते ती गोष्ट वेगळी आहे: लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नाव किंवा ओळख उघड करणे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. वर ज्या खटल्याचा उल्लेख केला तो वर्षानुवर्षे त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. आपल्या संवादांत त्याला खटल्याच्या शीर्षकानेच संबोधावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

येत्या हंगामासाठी एक विषयही सुचवतो. जिल्हा न्यायालयांत मराठीत लिहिलेल्या निकालांमध्ये ‘संमती’ या शब्दाच्या आजूबाजूला काय लिहिले जाते? एका जिल्ह्याचे, एका वर्षाचे, सापडतील तेवढे सगळे निकाल घ्यावेत, निवड करू नये. त्यावर काम करणारा अभ्यासक, जिल्हा न्यायालयात प्रत्यक्ष फौजदारी वकिली करणारी एक व्यक्ती आणि निकालांचे इंग्रजीत भाषांतर करणारा न्यायालयीन अनुवादक, असे तिघे एका टेबलाशी बसवावेत. टेबलावर निकालांच्या छापील प्रती हव्यात, ओळी अधोरेखित केलेल्या. पहिली अडचण प्रती मिळवण्याची येईल. संकेतस्थळावर नसलेल्या निकालाच्या प्रतीसाठी त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागतो आणि खटल्यात पक्षकार नसलेल्याला कारण द्यावे लागते. म्हणून हे काम कार्यक्रमाच्या चार महिने आधी सुरू करा. अर्जाला विधी महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे पत्र जोडा, आणि पीडितेची ओळख झाकूनच प्रती वापरू अशी लेखी हमी त्याच पत्रात द्या.

आपले,
कायद्याच्या अभ्यासकांशी होणाऱ्या संवादांची तयारी, शब्दांकन आणि पडताळणी करणारे काही जण